डोक्यातली मोरी तुंबली तेव्हा

आमच्या खजुरी गावात नळाचं पाणी यायच्या आधी माझ्या डोक्यात नळ बसला. हे वाक्य माझं नाही, पारावर बसणाऱ्या माणसांचं आहे. पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा आमच्या मालकांना राग आला आणि मला हसू. खरंच आहे ते. माझ्या उजव्या कानामागं कातडीखाली एक नळी आहे. ती मानेतून, छातीवरून खाली पोटात उतरते. बोट फिरवलं तर जाड सुतळीसारखी हाताला लागते.

ही नळी बसल्यापासून लोक मला बघायला येतात. कुणी नुसतं नवल म्हणून येतं. पण ज्यांच्या घरातलं माणूस असंच अचानक पडलंय, दवाखान्यात आहे, ते वेगळ्या तोंडानं येतात. त्यांना विचारायचं असतं, ‘बाई, तुम्ही कशा वाचलाव?’ आणि विचारवत नाही. त्यांच्यासाठी हे लिहायला बसले.

माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, मराठी शाळेतलं. डॉक्टरी पुस्तकातलं मला सांगता यायचं नाही. माझ्यावर आलं तेवढंच सांगते. त्यातलंही बरंचसं मला स्वतःला आठवत नाही. ते मालकांनी आणि माझ्या जावेनं सांगितलेलं आहे. दोघांचं सांगणं जिथं जुळलं नाही तिथं मी जावेचं धरलंय. मालक त्या दिवसांत डोळे मिटून होते. तिचे डोळे, कान आणि तोंड, तिन्ही उघडी होती.

गिरणी आणि म्हैस

आमचं घराणं मेंढरं राखणाऱ्यांचं. सासऱ्यांच्या वेळेपर्यंत दारात कळप होता. चरायची रानं नांगराखाली गेली तसा त्यांनी कळप मोडला, दोन्ही मुलांना जमीन वाटून दिली आणि घराच्या मधोमध भिंत घातली. भिंतीच्या अलीकडं आम्ही. पलीकडं थोरले भावजी आणि त्यांची बायको गौराक्का.

आमचे मालक, बिरप्पा, स्वभावानं लोण्यासारखे. धनगराच्या पोटी जन्मून बोकड कापताना बघवत नाही त्यांना, खाली बसतात. ते शेतात रमले. वीज आली तशी मी हट्टानं पिठाची गिरणी घातली आणि मीच चालवायला लागले. नीलव्वाची गिरणी म्हणून गावात नाव झालं. गिरणी बसवली ती भिंतीला लागून, आणि त्या भिंतीच्या पलीकडं गौराक्काची म्हैस बांधलेली असायची.

त्याच साली ती म्हैस आटली.

गौराक्का माझ्या दारात आली. गिरणीपुढं दळणाच्या बायका बसलेल्या. सगळ्यांच्या देखत म्हणाली, “तुज्या गिरनीच्या धडधडीनं माजी म्हैस आटली.”

मीही कमी नव्हते. म्हटलं, “म्हैस कशानं आटती ते धार काडनाऱ्या हाताला इच्यार.”

बास. एवढंच. पण त्यानंतर सहा वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नाही. नागपंचमीला एकाच लिंबाला झोके बांधलेले असायचे, मी आले की ती उठून जायची. दोन्ही घरचं देणंघेणं माझी मुलगी सुरेखा पोचवायची. “मोठ्याईला सांग”, “आईला सांग” यात पोरगी वाढली. मालक आणि भावजी पाठीमागं शेतात एकत्र बसून भाकरी खायचे. आम्हाला ते ठाऊक होतं आणि ठाऊक नसल्यासारखं आम्ही दोघी वागत होतो.

त्यातल्या शेवटच्या वर्षात माझं डोकं मागच्या बाजूनं दुखायचं. मला वाटलं गिरणीचा आवाज, पिठाची धूळ, उन्हाळा. फडकं करकचून बांधायची, बाम चोळायची. प्रेशर नावाचा आजार शिकलेल्या, जाडजूड माणसांना होतो, अशी माझी समजूत. मी तर तुरीच्या काटकीसारखी. माझं प्रेशर कुणी कधी मोजलंच नव्हतं. ठेच्यावर वरून मीठ घेऊन खाणारी बाई मी.

रिकाम्या दगडांचा आवाज

उन्हाळ्याची दुपार होती. करंट उशिरा आला. बायका दळणाच्या पाट्या रांगेत ठेवून घरी गेल्या होत्या. मी एक पाटी ज्वारी वरच्या पत्र्याच्या भांड्यात ओतली, पट्टा फिरायला लागला, आणि मानेपासून कपाळापर्यंत आतल्या आत काहीतरी तडकलं. इतकं मला बाळंतपणातही दुखलं नव्हतं. उलटी झाली. पट्ट्यापासून लांब सरकायचं, पदर अडकायला नको, एवढं एकच मनात आलं. पुढचं मला माहीत नाही.

पुढचं गौराक्काचं.

ती गोठ्यात गोवऱ्या थापत होती. ती म्हणते, “तुजी गिरनी दाने असले की गुरगुरती, आन् रिकामी झाली की किंचाळती. सा वर्सं तेच ऐकायलेय मी.” त्या दिवशी गिरणी किंचाळायला लागली आणि थांबेचना. दगडावर दगड घासून जळका वास सुटला. तिला वाटलं, मी मुद्दाम करायलेय, तिला छळायला. ती शेणाच्या हातानं तशीच उठली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा माझा उंबरा ओलांडून आत आली.

“अगं ए, दगड जाळायलीस का घर?” एवढं ओरडून झाल्यावर तिला मी दिसले. पिठात पडलेली, तोंडाशी उलटी, घोरत असलेली.

तिनं आधी खटका खाली केला. मग मला कुशीवर वळवलं आणि तोंडात बोट घालून घाण काढली. तिला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. म्हशीचं पारडू जन्मतं तेव्हा असंच करतात, म्हणून तिनं केलं. डॉक्टर पुढं म्हणाले, त्या कुशीवर वळवण्यानं माझा श्वास चालू राहिला.

गावातल्या एकाची जीप निघाली. मालक पुढं बसले आणि मागं वळून बघायची त्यांची छाती झाली नाही. मागं गौराक्का, माझं डोकं मांडीवर घेऊन, हाताला शेण तसंच. उमरग्याच्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी टाकून बघितलं, दंडाला पट्टा बांधून प्रेशर मोजलं आणि पुन्हा मोजलं. त्यांना खरं वाटेना. म्हणाले, “इथं थांबू नका. सोलापूर गाठा.”

डॉक्टर काय म्हणाले

डोक्याचा आतला फोटो काढायचं यंत्र तेव्हा आमच्या बाजूला फार नवं होतं. सोलापूरला ते मिळालं हे आमचं नशीब. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि मालकांना बोलावलं. मालक भिंतीला टेकून उभे. मग गौराक्का पुढं झाली.

डॉक्टर म्हणाले, “प्रत्येकाच्या मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात. त्यांच्यात स्वच्छ पाणी फिरत असतं. यांची आतली नस फुटली आणि रक्त त्या पोकळ्यांत उतरलंय. रक्ताच्या गाठींनी वाट बंद झालीय. पाणी आत तयार होतंच आहे, पण बाहेर जात नाही.”

“म्हंजी मोरी तुंबल्यावानी?” गौराक्कानं विचारलं.

“अगदी तसंच.”

“मंग काडा की तिला मोकळी.”

डॉक्टरांनी सांगितलं की कवटीला लहान भोक पाडून आत नळी घालावी लागेल, पाणी आणि रक्त बाहेर बाटलीत येईल. मालकांनी तेवढ्यात धीर करून विचारलं, “वाचंल का वो?”

“वचन देत नाही मी,” डॉक्टर म्हणाले. “काही वाचतात. काही वाचतात पण पहिल्यासारखे होत नाहीत. काही जातात. पण नळी घातली नाही तर मला काहीच करता येणार नाही.”

ते असं सरळ बोलले हे आमच्या घरच्यांना तेव्हा फार लागलं. आता वाटतं, बरं केलं. खोटा धीर दिला असता तर पुढच्या दिवसांत त्यांच्यावरचा विश्वास उडाला असता. मालकांनी सही केली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. गौराक्कानं तिथल्या नळावर हात धुतले. तोवर शेण वाळून पापुद्रे निघायला लागले होते.

असं का झालं, हे डॉक्टरांनी नंतर मला समजावलं. मोठ्या माणसांत बहुतेक वेळा कारण प्रेशर असतं. वर्षानुवर्षं चढलेलं, न मोजलेलं. काहींच्या नसेला जन्मापासून फुगा असतो, काहींच्या नसांचा गुंता असतो. माणूस माझ्यासारखं ऐन वयातलं असलं तर ते शोधावं लागतं. माझ्या नसांचे फोटो काढले, त्यात तसलं काही निघालं नाही. दोष प्रेशरचा.

“म्हशीनं आज किती दूध दिलं?”

जाग आली तेव्हा पांढरं छत दिसलं आणि फिनेलचा वास आला. डोकं जड. हाताला पट्ट्या बांधलेल्या, कारण मी झोपेत नळी ओढत होते म्हणे. शेजारी स्टुलावर गौराक्का बसलेली. मी तिच्याकडं बघून विचारलं, “अक्का, म्हशीनं आज किती दूध दिलं?”

मालक खाटेच्या पायथ्याशी उभे होते. ते सांगतात, ते विचारणं ऐकून त्यांनी आधी गौराक्काकडं बघितलं. त्यांना वाटलं, ही टोमणा मारायली. मरता मरता वाचलेली बाई पहिलं वाक्य बोलली आणि तेही भांडणाचं!

टोमणा नव्हता तो. माझ्या डोक्यातून सहा-सात वर्षं पुसली गेली होती. गिरणी नव्हती, भिंत नव्हती, भांडण नव्हतं. होती ती गौराक्काची दुभती म्हैस, आणि रोज संध्याकाळी माझ्या पोरीसाठी भिंतीशिवायच्या अंगणातून दूध घेऊन येणारी माझी थोरली जाऊ.

गौराक्कानं माझ्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, “दोन तांबे.”

“बास? वैरन कमी पडायली का?”

“पडायली असंल. तू बरी हो, मग बघू.”

तिनं मालकांकडं असं बघितलं की त्यांनी जन्मात तो विषय काढला नसता. त्या दिवसापासून वॉर्डात एक म्हैस दूध द्यायला लागली. मी सकाळ-संध्याकाळ विचारायची, गौराक्का सांगायची. कधी दोन तांबे, कधी अडीच. तिला ठाऊक होतं की डोक्यात गोंधळ असलेल्या माणसाशी वाद घालून उपयोग नाही. वॉर्डातल्या सिस्टरनंच तिला तसं सांगितलं होतं. पण मालक म्हणतात, तांबे सांगताना तिचा चेहरा उजळायचा.

सगळं इतकं गोड नव्हतं. सुरेखा भेटायला आली, तेरा वर्षांची, परकर-पोलक्यातली, दोन वेण्या घातलेली. मी विचारलं, “ही कुनाची पोर हो?” माझ्या डोक्यातली सुरेखा सहा-सात वर्षांची, नाक पुसत फिरणारी. पोरगी वळली आणि पळत बाहेर गेली. गौराक्का तिच्या मागं गेली. जिन्यात तिला जवळ घेऊन म्हणाली, “अगं, तू वाढलीस, आई तितंच थांबलीया. येईल की मागनं पळत. तू रोज यून तोंड दावत जा.”

सुरेखा रोज येत राहिली. सोलापुरात भावजींच्या ओळखीच्या घरी तिची राहायची सोय केली होती. एक दिवस मी तिच्या कपाळावरची लहानपणीची खोक ओळखली. तिथून सुरुवात झाली.

बाटलीचे दिवस

वॉर्डातलं जगणं बाटलीभोवती फिरायचं. माझ्या डोक्यातून निघालेली नळी काचेच्या बाटलीत उतरायची. बाटली किती उंचीवर टांगायची हे कानाच्या मापानं ठरवलेलं. मी उठून बसले, उशी हलवली, की सिस्टर धावत यायची. ती सोलापूरची, घरी तेलुगू बोलणारी, मराठी तिची आमच्याहून शुद्ध. “नीलाबाई, हलू नका, तुमचं माप बिघडलं!” गौराक्कानं तिच्याकडून ते माप शिकून घेतलं आणि मग मला मान वळवायचीही चोरी झाली.

आधी बाटलीत लाल यायचं. मग गुलाबी. मग फिकट पिवळं. मालक रोज लांबून बाटली बघायचे, रक्त दिसलं की परत फिरायचे. ज्या दिवशी ते खाटेजवळ येऊन बसले त्या दिवशी मला न सांगता कळलं की पाणी निवळलंय.

अंग पुसणं, भांडं देणं, भरवणं, सगळं गौराक्कानं केलं. मला लाज वाटली की म्हणायची, “म्हशीचं करते मी, तुजं करायला काय झालं?” सकाळी धर्मशाळेत स्टोव्हवर पेज करून आणायची. मिठाशिवायची. मी तोंड वाकडं केलं की चमचा आणखी पुढं यायचा. सबंध वॉर्डाशी ती भांडली. झाडणारीशी भांडली, खिडकी उघडी ठेवणाऱ्यांशी भांडली, आणि संध्याकाळी त्याच बायकांच्या घोळक्यात बसून कानडी, मराठी, उर्दू जे येईल त्यात हसत असायची.

माझ्या शेजारच्या खाटेवर अक्कलकोटकडच्या एक आजी होत्या. कानडी बोलायच्या. त्यांना माझ्यासारखंच झालेलं, पण रक्त जास्त आणि वय जास्त. त्या कधी पूर्ण जाग्या झाल्या नाहीत. त्यांची मुलगी त्यांच्या केसांना तेल लावून रोज वेणी घालायची. एका सकाळी डॉक्टर त्यांच्या खाटेशी बराच वेळ थांबले, मग पडदा ओढला. मुलगी रडून झाल्यावर सामान आवरत होती. जाताना अर्धी खोबरेल तेलाची बाटली तिनं माझ्या उशाशी ठेवली. कानडीत म्हणाली, “तुमच्या केसांना होईल.” माझ्या डोक्याचा तर गोटा केलेला. तिनं बघितलं, मी बघितलं, आणि रडता रडता दोघींना हसू फुटलं. केस आल्यावर ते तेल मी पहिल्यांदा लावलं. त्या आजींचं नाव मला माहीत नाही.

हे लिहायलाच पाहिजे होतं. मी वाचले ते शहाणपणानं नव्हे. तोच आजार, तेच डॉक्टर, तीच बाटली. एकीचं निभावलं, एकीचं नाही.

दुसऱ्यांदा

पाणी निवळल्यावर डॉक्टरांनी नळी बंद करून बघितली. मोरी आपली आपण वाहते का ते बघायचं होतं. एक दिवस बरा गेला. मग मला झोप आवरेना. भरवता भरवता डोळे मिटायचे. उभं केलं की पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. अंथरूण ओलं व्हायला लागलं. डोकं परत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, वाट मोकळी झालेली नाही. आता कायमची नळी घालावी लागेल, डोक्यातून पोटात. पाणी तिथं जिरून जाईल.

नेमका त्याच दिवशी माझा थोरला भाऊ बसवकल्याणकडून आला होता. त्याचा माझ्यावर फार जीव. पण भीतीनं त्याचं डोकं फिरलं. दारातच मालकांवर चढला. “एकदा भोक पाडलाव, आता दुसऱ्यांदा कामून? हे तिला चिरायलेत नुसतं. तिला मी घरी न्हेतो. मरायचं असलं तर आईजवळ मरंल.”

मालकांच्या डोळ्यांतून पाणी. त्यांनाही मनातून तसंच वाटत होतं, हे त्यांनी मला नंतर कबूल केलं.

मी गुंगीत होते, पण तेवढं माझ्या कानावर पडलं. गौराक्का स्टुलावरून उठली. तिचा आवाज चढला नाही, आणि तिचा आवाज न चढणं ही आमच्या घरातली मोठी गोष्ट होती.

“अण्णा,” ती माझ्या भावाला म्हणाली, “सा वर्सं मी हिच्यासंग बोलले न्हाई. एका भिंतीआड ऱ्हाऊन. आता कुटं बोलायला लागलोत, तर तुमी हिला घरी न्हेऊन मुकी करायलाव? डॉक्टरला जे करायचं ते करू द्या. न्हाई वाचली तर माज्या नावानं बोटं मोडा.”

भाऊ खाली बसला. मालकांनी डोळे पुसले आणि आपण होऊन डॉक्टरांकडं गेले. यावेळी पायरीवर जाऊन बसले नाहीत. मला ढकलत नेलं तेव्हा खाटेची दांडी धरून दारापर्यंत आले. बोकडाला भिणारा माझा नवरा.

डोक्यात उजेड

दुसऱ्या ऑपरेशननंतर गुंगी अशी उतरली की सकाळी धुकं विरून समोरचं शेत दिसावं. पोट दुखत होतं, मान ताठली होती, पण डोकं हलकं. आणि त्या हलक्या डोक्यात एक वाक्य घोळायला लागलं. सा वर्सं मी हिच्यासंग बोलले न्हाई. कुणाशी? का?

मग एकेक गोष्ट यायला लागली, उलटसुलट. गिरणीचा पट्टा. सुरेखाची पाचवीची शाळा. भिंत. आणि एका दुपारी, गौराक्का माझ्या डोक्यावरचे बारीक खुंट बोटांनी चाचपत असताना, म्हैस.

मला भीती वाटली. आठवलं असं म्हटलं तर ही उठून जाईल. संध्याकाळी मी नेहमीसारखं विचारलं, “अक्का, दूध किती?” ती म्हणाली, “अडीच.” मी म्हटलं, “बरं.” मी तिला फसवत होते, ती मला फसवत होती, आणि दोघींचं बरं चाललं होतं.

घरी सोडायचा दिवस आला. सोलापूरहून उमरग्याच्या एसटीत खिडकीशी मी, मधे गौराक्का, कडेला मालक. गाडी सुटली. मला राहवेना. गावात गेल्यावर दोन दारं असतील, ही तिच्या दारानं जाईल, मी माझ्या. मग कधी बोलणार?

म्हटलं, “अक्का, माज्या गिरनीनं तुजी म्हैस आटली नव्हती.”

मालकांनी समोरची दांडी घट्ट धरली.

गौराक्कानं माझ्याकडं वळून बघितलं. “कवापासनं आठवायलंय?”

“आठ-धा दिस झाले.”

“आन् दूध इच्यारायलीस मला?”

“तू सांगायलीस म्हनून इच्यारायलेय.”

ती पदर खोचून म्हणाली, “गिरनीनंच आटली. म्हशीला धडधड सोसत न्हाई.”

“तिचं वय झालं व्हतं!”

“तिसरं वेत व्हतं फकस्त!”

नळदुर्ग येईपर्यंत आम्ही भांडलो. पुढच्या बाकावरचे लोक वळून बघत होते. मालक दोघींना हात जोडत होते, “अवो, प्रेशर वाढंल हिचं, बास करा.” आम्ही थांबलो तेव्हा दोघींनाही हसून हसून धाप लागली होती. माझं पोट टाक्यांनी दुखत होतं. नळदुर्गला मालकांनी खाली उतरून तीन चहा आणले, तेव्हा तेही हसत होते.

मागं काय राहिलं

पूर्ण पहिल्यासारखी झाले का, असं लोक विचारतात. नाही. चालताना डावा पाय जरा मागं राहतो. नावं विसरते. दुपारी झोप लागतेच. रागाच्या भरात मधेच रडू येतं, ते आधी येत नव्हतं. नळी बसवलेल्या माणसाला ताप, उलटी, पुन्हा डोकेदुखी आली तर थांबायचं नाही, लगेच दवाखाना. हे डॉक्टरांनी बजावलंय आणि मीही बजावते.

आणि सुरुवातीला मला आवाज सोसेना. मी नव्हते तेव्हा भावजींनी गिरणी चालवली होती. घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदा खटका वर केला आणि मी कान दाबून भिंतीशी बसले. डोक्यात घण पडत होते. गौराक्का दारातून बघत होती. म्हणाली, “आता कळ्ळं?”

कळलं. भिंतीला आतून भुशाची पोती रचून घेतली, गिरणी दोन हात अलीकडं ओढली. म्हैस वयानं आटली की गिरणीनं आटली, हा निकाल अजून लागलेला नाही.

वर्षानं तपासणीला सोलापूरला गेलो. सोबत अर्थातच गौराक्का. सिस्टरनं माझ्या दंडाला पट्टा बांधला. गोळ्यांनी प्रेशर ताब्यात होतं. गौराक्का म्हणाली, “मला बी घाला की ती वाकी.” सिस्टरनं हसत तिच्या दंडाला बांधला, फुगवला, आणि तिचं हसू थांबलं. काटा माझ्या पडण्याच्या दिवसाइतका नसला तरी फार वर गेला होता.

“यंतर बिगडलंय,” गौराक्का म्हणाली.

पुन्हा माझं मोजलं. ठीक. पुन्हा तिचं मोजलं. तेवढंच. डॉक्टरांनी तिला गोळी लिहून दिली आणि समजावलं. ती सगळं ऐकून घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, “मी न्हाई गोळीबिळी खायाची. मला काय झालंय? डोस्कं बी दुखंना.”

“माजं तरी दुखत व्हतं, अक्का,” मी म्हटलं. “तुजं मुकाट हाय. मुकाट ऱ्हानं किती वंगाळ, ते आपल्या दोघींशिवाय कुनाला कळनार?”

ती तशीच एसटीकडं चालायला लागली. पण घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या चुलीपाशी येऊन बसली. मी तिच्या तळहातावर गोळी ठेवली, पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं गोळी तोंडात टाकली, वर पाणी घेतलं. मला तिचा भरवसा वाटेना. म्हटलं, “तोंड उघड.”

“पोरगी समजतीस का मला?”

“उघड म्हनते ना.”

तिनं जीभ बाहेर काढून दाखवली, वर केली, खाली केली. मग माझी गोळी मी घेतली आणि तिनं माझं तोंड तपासलं. अजून रोज सकाळी असंच चालतं. चहा त्यानंतर.